नियम वाचता आला, तरच हक्क

शहर वाढते तसे पाणी आणि विजेचे नियमही वाढतात. बेळगावला राकसकोप आणि हिडकलचे पाणी येते. 2008 साली काही भागांत चोवीस तास पाण्याची योजना आली, मीटर बसले. विजेसाठी 1999 साली कर्नाटक वीज नियामक आयोग आणि 2002 साली हेस्कॉम अस्तित्वात आली. दर ठरविण्यापूर्वी आयोग ग्राहकांच्या हरकती मागवतो. पण सूचनाच वाचता आली नाही, तर हरकत घेणार कोण?

मराठी शाळेत शिकलेली गृहिणी बिलावरचा आकडा ओळखते. मुदत, दंड आणि तक्रारीची रीत समजण्यासाठी मात्र तिला शेजारच्या मुलाला हाक मारावी लागते.

ज्या भागात भाषिक अल्पसंख्य लोकवस्तीच्या 15 ते 20 टक्के आहेत, तेथे सरकारी सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत, हे 1956 च्या केंद्र सरकारच्या निवेदनातच मान्य झाले आहे. राज्यघटनेच्या 350 व्या कलमानुसार राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते. उत्तर कोणत्या भाषेत द्यावे, याबाबत मात्र हे कलम मौन पाळते. अडचण नेमकी तेथेच आहे.

कन्नड ही राज्यभाषा आहे. आमच्या मुलांनी ती शिकावीच. मागणी एवढीच, की कन्नड मजकुराखाली मराठीच्या चार ओळी असाव्यात. तोवर प्रत्येक ग्राहकाने तक्रार मराठीतच लिहावी, आवक क्रमांक घ्यावा आणि पोच जपून ठेवावी. कागदावर न उतरलेल्या मागणीची दप्तरी नोंद होत नसते.