बाजू न घेण्यासाठीही सोबत लागते

जुलै 2012. कंबोडियाच्या राजधानीत, नोम पेन्हमध्ये, आग्नेय आशियातल्या ‘आसियान’ या संघटनेच्या दहा देशांचे परराष्ट्रमंत्री जमले होते. काही महिन्यांपूर्वीच दक्षिण चिनी समुद्रातल्या स्कारबरो शोल या प्रवाळखडकांच्या पट्ट्यावरून फिलिपिन्स आणि चीनची जहाजे एकमेकांसमोर ठाकली होती. संयुक्त निवेदनात या जागेचे नाव यावे, असा फिलिपिन्सचा आग्रह होता. व्हिएतनामलाही आपल्या सागरी आर्थिक क्षेत्राचा उल्लेख हवा होता. यजमान कंबोडियाने दोन्ही मागण्या धुडकावल्या. हे त्या त्या देशांचे आपसातले वाद आहेत, त्यांना इथे जागा नाही, असे त्याचे म्हणणे. मसुदे लिहिले गेले, खोडले गेले आणि शेवटी निवेदनच निघाले नाही. संघटनेच्या 45 वर्षांच्या इतिहासात असे प्रथमच घडत होते. कंबोडियातले रस्ते, पूल आणि धरणे कोणाच्या पैशातून उभी राहत होती, हे त्या सभागृहात सर्वांनाच ठाऊक होते.

पुढे जे झाले त्याची चर्चा कमी होते. इंडोनेशियाचे परराष्ट्रमंत्री मार्टी नातालेगावा लगेच विमानाने निघाले, एकामागून एक राजधान्या गाठत त्यांनी सहकाऱ्यांची मनधरणी केली आणि आठवडाभरात सहा कलमांची सामायिक भूमिका जाहीर करून घेतली. स्कारबरोचे नाव त्यातही नव्हते. पण तुटलेले बोलणे पुन्हा सुरू झाले. आसियानचे दुबळेपण आणि तिचा चिवटपणा, दोन्ही या एका आठवड्यात दिसतात.

ही संघटना जन्मली तीच भांडणाऱ्यांच्या घरात. 1963 ते 1966 या काळात सुकार्नोंचा इंडोनेशिया मलेशियाशी सशस्त्र संघर्ष करत होता. फिलिपिन्सचा मलेशियाच्या साबा प्रांतावर दावा होता. सिंगापूर 1965 मध्ये मलेशियातून वेगळा झाला होता आणि शेजारी व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे युद्ध पेटले होते. अशा स्थितीत 8 ऑगस्ट 1967 रोजी इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर आणि थायलंड यांनी बँकॉक जाहीरनाम्यावर सह्या केल्या. निर्णय एकमताने घ्यायचे, दुसऱ्याच्या घरात ढवळाढवळ करायची नाही, हे सूत्र यातूनच घडत गेले. माझ्या मते यातली सर्वांत मोठी गोष्ट इंडोनेशियाने केली. सुकार्नोंनंतर सुहार्तोंच्या काळात या सर्वांत मोठ्या देशाने आसियानमधल्या शेजाऱ्यांवर दादागिरी करण्याचा मोह आवरला. मोठ्या देशाने हात आवरला म्हणून लहानांना एका टेबलाशी बसण्याची भीती वाटली नाही. आज संघटनेचे सचिवालय जकार्तात आहे. ज्या व्हिएतनामच्या धास्तीने हे देश जवळ आले, तोही 1995 मध्ये सदस्य झाला आणि 2025 मध्ये पूर्व तिमोर अकरावा.

एकमताची किंमत मात्र मोठी आहे. एका सदस्याला वश केले की सगळ्यांचा आवाज बंद होतो, हे बीजिंगने नोम पेन्हमध्ये दाखवून दिले. फिलिपिन्स अखेर एकट्यानेच आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेला आणि जुलै 2016 मध्ये जिंकला. चीनच्या नऊ रेघांच्या नकाशातल्या ऐतिहासिक हक्कांना कायद्याचा आधार नाही, असा निकाल लागला. चीनने तो मानला नाही. म्यानमारमध्ये फेब्रुवारी 2021 मध्ये लष्कराने सत्ता बळकावल्यावर आसियानने पाच कलमी तोडगा काढला. लष्करशहांना शिखर परिषदेपासून दूर ठेवले गेले, यापलीकडे त्यातून फारसे हाती लागले नाही.

दबाव एकाच दिशेने येतो असेही नाही. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेने आयातशुल्काचे आकडे जाहीर केले, तेव्हा कंबोडियावर 49 टक्के आणि व्हिएतनामवर 46 टक्के शुल्क लावले. आसियानने एकत्र वाटाघाटी करण्याची भाषा केली खरी, पण प्रत्येक सरकार आपापली फाईल घेऊन वॉशिंग्टनला धावले. व्हिएतनाम 20 टक्क्यांवर आला, इंडोनेशिया 19 वर. एकत्र गेले असते तर आणखी काही पदरात पडले असते, असे मला ठामपणे वाटते.

तरीही या देशांनी कोणाच्या छावणीत जाणे नाकारले आहे, आणि ते कौशल्याने नाकारले आहे. व्हिएतनामचेच पाहा. तिथले दिवंगत नेते न्गुयेन फू चोंग आपल्या परराष्ट्र धोरणाला बांबूची उपमा देत: मुळे घट्ट, फांद्या लवचीक. सप्टेंबर 2023 मध्ये बायडेन हनोईत आले, डिसेंबरमध्ये शी जिनपिंग, पुढच्या जूनमध्ये पुतिन. वर्षभराच्या आत तिघांचेही स्वागत करणारी राजधानी जगात क्वचितच सापडेल. प्रत्येकाला थोडे दिले आणि कोणालाही सर्वस्व दिले नाही. हे जमते, कारण मागे दहा शेजाऱ्यांची संगत आहे. एकट्या देशाला दोन बलाढ्यांमध्ये असा तोल फार काळ सांभाळता येत नाही.

भारताने या भागाकडे गांभीर्याने वळून पाहिले ते 1990 च्या दशकात, पी. व्ही. नरसिंह राव यांच्या पूर्वाभिमुख धोरणाने. रामटेकचे खासदार राहिलेल्या, ह. ना. आपट्यांची कादंबरी तेलुगूत नेणाऱ्या या पंतप्रधानांची ही दूरदृष्टी मराठी वाचकाने लक्षात ठेवावी अशी आहे. पुढे 2019 मध्ये ‘आरसेप’ या व्यापार कराराच्या दारातून आपण मागे फिरलो. स्वस्त दूध भुकटीची आपल्या दूध उत्पादकांना वाटणारी भीती खोटी नव्हती. पण पंधरा देशांनी पुढच्याच वर्षी सह्या केल्या आणि त्या भागातल्या व्यापाराचे नियम आपल्याविना ठरले.

आपल्या अंगणात तर परिस्थिती याहून वाईट आहे. 1985 मध्ये ढाक्यात स्थापन झालेल्या, दक्षिण आशियाई देशांच्या ‘सार्क’चा नियमही एकमताचाच. तिची शेवटची शिखर परिषद नोव्हेंबर 2014 मध्ये काठमांडूत झाली. उरीच्या हल्ल्यानंतर 2016 ची इस्लामाबाद परिषद रद्द झाली आणि गाडी तिथेच थांबली. दहशतवाद पोसणाऱ्या देशाशी सहकार्य कसले, हा प्रश्न रास्तच आहे. पण त्याची शिक्षा नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका यांना का? दक्षिण आशियाच्या एकूण व्यापारात आपसातला व्यापार जेमतेम पाच टक्के, तर आसियानमध्ये तो वीस टक्क्यांहून अधिक. एकटा शेजारी मग चीनशी एकट्यानेच सौदा करतो. श्रीलंकेने 2017 मध्ये हंबनटोटा बंदर 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले ते असेच.

जमते तेव्हा काय होऊ शकते, याचेही उदाहरण आपल्याकडेच आहे. नेपाळची 40 मेगावॅट जलविद्युत भारताच्या तारांवरून बांगलादेशात जाऊ लागली आहे. आकडा लहान आहे, पण तीन देशांच्या कारभाराला यासाठी एकत्र बसावे लागले. याची सुरुवात काठमांडूच्या त्याच परिषदेत झालेल्या ऊर्जा कराराने झाली होती. वीज पोहोचायला दहा वर्षे लागली.

इंडोनेशियाने दाखवलेला संयम भारताला परका नाही. इंद्रकुमार गुजराल परराष्ट्रमंत्री असताना लहान शेजाऱ्यांकडून परतफेडीची अपेक्षा न ठेवता देण्याचे धोरण आपण मांडले होते आणि त्याच काळात, डिसेंबर 1996 मध्ये, बांगलादेशाशी गंगा पाणीवाटपाचा करार झाला. मोठ्या देशाने असे वागण्यात कमीपणा नाही, त्यात त्याचे हितच आहे. तो करार तीस वर्षांचा होता. त्याची मुदत डिसेंबर 2026 मध्ये संपते.