सोंग उतरल्यावर पात्र कोणाचे?

भारुडाच्या एखाद्या संचात वर्षानुवर्षे विंचू चावल्याचे सोंग घेणारा कलावंत बाहेर पडला, की दोन दावे हमखास ऐकू येतात. त्याचे चाहते म्हणतात, हे सोंग त्याचेच, दुसऱ्या कोणी त्याला हात लावू नये. संचाचे म्हणणे, लुगडे आमचे, पेटी आमची, सुपारी आमच्या नावावर, तेव्हा सोंगही आमचे. त्याने ते दुसऱ्या संचात नेऊ नये. दोन्ही बाजू मनापासून बोलतात आणि दोन्ही चुकतात. पात्र अंगावर कोणी चढवले किंवा त्याच्या कपड्यांचे पैसे कोणी भरले, यावरून त्याची मालकी ठरत नाही. ते कोणी रचले आणि त्या रचनेवरचा हक्क आज कोणाकडे आहे, हा पहिला प्रश्न.

हे समजून घ्यायला पैठणइतके चांगले ठिकाण नाही. तिथल्या संत एकनाथांनी सुमारे 300 भारुडे रचली आणि त्यांतल्या कितीतरी ठिकाणी ते स्वतः बोलतच नाहीत; बोलतो तो जोशी, वासुदेव, गोंधळी, जोहार घालणारा महार किंवा सासरी गांजलेली सून. पण शेवटच्या चरणात ‘एका जनार्दनी’ ही मुद्रा येते, आणि सोंग कोणाचेही असो, शब्द कोणाचे ते तिथे नोंदले जाते. आपले नाव गुरू जनार्दनस्वामींच्या नावाला जोडून केलेली ही नोंद पुसून सादरीकरण करणारा भारूडकार मला तरी अप्रामाणिक वाटतो. मालकीचे म्हणाल, तर नाथांनी 1599 मध्ये देह ठेवला आणि त्यांच्या मूळ रचनांवर आज कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. म्हणून संच सोडणारा कलावंत उद्या सकाळी दुसऱ्या संचात तेच सोंग घेऊ शकतो, आणि जुना संच त्याच संध्याकाळी नवा माणूस उभा करू शकतो. ‘जुने आहे, मग त्यातले सगळेच फुकट’ हा मात्र वेगळाच गैरसमज. आजच्या कोणी भारुडावर बेतून नवी संहिता लिहिली, नवी चाल बांधली, तर त्या नव्या भागावर त्याचा हक्क असतो.

लेखकाच्या निधनानंतरचे वर्ष सुरू झाले की तिथपासून 60 वर्षे, असा या हक्काच्या मुदतीचा 1957च्या स्वामित्वहक्क कायद्यातला आजचा हिशेब आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर 1948 मध्ये गेले, म्हणून त्यांचे ‘मानापमान’ 2009 पासून सर्वांना मोकळे आहे. वि. वा. शिरवाडकर 1999 मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या ‘नटसम्राट’वरचा हक्क 2059 अखेरपर्यंत चालेल. या दोन नाटकांकडे पाहिले की नटाचे आणि पात्राचे नातेही उलगडते. बालगंधर्वांनी 1911 मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत ‘मानापमाना’तली नायिका भामिनी रंगवली, 1913 मध्ये मंडळी सोडली, आणि 1921च्या गाजलेल्या ‘संयुक्त मानापमाना’त केशवराव भोसल्यांच्या धैर्यधरासमोर पुन्हा भामिनी म्हणून तेच उभे राहिले. भामिनी जुन्या मंडळीत अडकून पडली नाही. ती बालगंधर्वांची खासगी मिळकतही झाली नाही, नंतरच्या कितीतरी गायिका-अभिनेत्रींनी ती केली. ‘नटसम्राट’मधले अप्पा बेलवलकर 1970 मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी उभे केले. पुढे दत्ता भट ती भूमिका करू लागले, तेव्हाही पात्र शिरवाडकरांचेच राहिले.

यावर आक्षेप येतो की मग कलावंताच्या हाती उरले काय? विंचवाचा दंश बसल्याचा तो झटका, गुडघ्यावर कोसळणे, मध्येच समोरच्या एखाद्या आजोबांना हटकून मारलेली कोपरखळी, हे तर नाथांनी लिहिलेले नाही. आक्षेप खरा आहे आणि कायद्याने तो ऐकला आहे. ‘प्रयोगकर्ता’ या व्याख्येत नट, गायक, नर्तक यांच्याबरोबर डोंबारी, जादूगार आणि गारुडीही आहेत. भारूडकार त्यात सहज बसतो. त्याच्या प्रयोगाचे चित्रीकरण करून विकायचे, तर त्याची संमती लागते. हा हक्क 50 वर्षांचा आहे. 2012च्या दुरुस्तीनंतर, प्रयोगाला आपले नाव लावले जावे आणि त्याची मोडतोड करून नाचक्की होऊ नये, असेही तो मागू शकतो, हक्क लिहून दिले असले तरीसुद्धा. मात्र हा हक्क त्याने केलेल्या प्रयोगापुरता. दुसऱ्याला तेच सोंग नव्याने उभे करण्यापासून त्या हक्काने अडवता येत नाही.

खरी गुंतागुंत होते ती कलावंताने पात्र स्वतःच घडवले असेल तेव्हा. 2013 मध्ये सुनील ग्रोव्हर ‘कॉमेडी नाइट्स विथ कपिल’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून बाहेर पडले, आणि ते त्यात करत असलेले गुत्थी हे पात्र आपले असल्याची जाहीर नोटीस वाहिनीने दिली. पुढच्या वर्षी ते दुसऱ्या कार्यक्रमात चुटकी होऊन आले. नोटीस म्हणजे निकाल नव्हे, पण करारात काय लिहिले याला किती वजन असते ते त्यातून दिसते. टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकाखेळांतही हाच पेच आहे. तिथे खेळाडू आपल्या पात्राचा स्वभाव, पूर्वायुष्य, बोलण्याची ढब स्वतः लिहितो, तर भोवतीचे जग खेळ चालवणाऱ्याचे असते. खेळाडू गट सोडून गेला तर त्याने लिहिलेले वर्णन त्याचेच राहते. ‘रागीट तिरंदाज’ ही नुसती कल्पना कोणाचीच नसते. 2016 मध्ये ‘दबंग’ चित्रपटातल्या चुलबुल पांडेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने पात्राला संरक्षण मिळू शकते हे मान्य केले, तेही त्या पात्राच्या ठळक, वेगळ्या ओळखीमुळे. आणि गटात सगळ्यांनी मिळून, कोणाचे किती हे वेगळे काढता येणार नाही असे पात्र घडवले असेल, तर ते संयुक्त रचना ठरू शकते.

‘आम्ही मानधन दिले, म्हणजे हक्क आमचा’ हे संचचालकांचे म्हणणे पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या संहितेपुरते बरेचसे खरे आहे, कारण तिथे वेगळा करार नसेल तर पहिला हक्क मालकाचा. नाइटवर येणारा कलावंत सहसा नोकर नसतो. त्याने रचलेली बतावणी हवी असेल तर त्याच्या सहीचा कागद लागतो, तोंडी शब्द पुरत नाही. त्या कागदावर मुदत लिहिली नाही तर हक्क फक्त 5 वर्षांसाठी मिळतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरताच.