आवाजाचा पल्ला

अमेरिकेतल्या अनेक लांब पल्ल्याच्या ट्रकमध्ये एक छोटा वायरलेस संच असतो. त्याला सिटिझन्स बँड किंवा सीबी रेडिओ म्हणतात. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तो तिथे फार लोकप्रिय झाला. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. पण मोबाइलला नंबर ठाऊक असावा लागतो. पुढच्या वळणावर अपघात झाला आहे, हे मागून येणाऱ्या अनोळखी चालकांना एकदम सांगायचे, तर १९ नंबरचे चॅनलच कामी येते. ताशी शंभर किलोमीटर वेगातला भरलेला ट्रक थांबेपर्यंत सुमारे दीडशे मीटर पुढे जातो. म्हणून आवाज किती लांबून ऐकू येतो, याला महत्त्व आहे.

पल्ला वाढवायचा म्हटले की माणसाला पहिल्यांदा ताकद आठवते. कविसंमेलनातही आम्हा कवींना वाटते, माइक मोठा हवा! पण तिथल्या कायद्याने सीबीच्या साध्या प्रक्षेपणाला ४ वॅटची मर्यादा आहे आणि शक्ती वाढवणारे अँप्लिफायर लावायला बंदी आहे. शिवाय अगदी मोकळ्या अवकाशातही अंतर दुप्पट करायला शक्ती चौपट लागते. जमिनीलगत त्याहूनही जास्त.

खरी मेख अँटेनात आहे. सीबीची लहर सुमारे ११ मीटर लांब असते. तिच्या पाव लांबीचा, म्हणजे पावणेतीन मीटरचा अँटेना उत्तम. पण ट्रकच्या टपावर तो पुलाला अडकेल. म्हणून तारेचे वेटोळे घातलेला आखूड अँटेना आरशाच्या दांड्यावर बसवतात. तो जितका उंच आणि मोकळा, तितके बरे. त्याची बैठक ट्रकच्या धातूला नीट टेकली पाहिजे. मधला रंग किंवा गंज खरवडून काढावा. मागचा उंच खोका लहरी अडवतो, म्हणून बरेच चालक दोन्ही आरशांवर एकेक अँटेना लावतात.

मग एसडब्ल्यूआर मीटरने जुळणी तपासायची. आकडा दीडच्या आत असला की काम चोख. तीन आला तर पाव शक्ती अँटेनाकडून परत फिरते, आणि संचालाही ते बाधते. मोकळ्या मैदानात, दारे लावून १ आणि ४० नंबरच्या चॅनलवर मोजावे. ४० वर आकडा जास्त असेल तर अँटेना लांब आहे, थोडा आखूड करावा; १ वर जास्त असेल तर लांबवावा.

आता ऐकण्याची बाजू. संचाची वीज थेट बॅटरीवरून घेतली की इंजिनची खरखर बरीच कमी होते. खरखर दाबणारे स्क्वेल्च नावाचे बटण फार पिळू नये. खरखरीबरोबर दूरचा क्षीण आवाजही दाबला जातो, आणि मदतीची हाक बहुधा तशीच क्षीण असते.

एवढे झाले की निघण्यापूर्वी चॅनलवर विचारावे, ‘माझा आवाज कसा येतोय?’ लांबून कुणीतरी उत्तर देतो. ते ऐकूनच गाडी रस्त्याला लावावी.