करमुक्त, पक्का दर आणि हवा तेव्हा पैसा: असं खातं कुठं मिळते?

हा विषय आम्ही आधी अमरावतीत मांडला, मग अकोल्यात. दोन्हीकडे पहिला प्रश्न जवळपास सारखाच आला: "व्याजावर टॅक्स नको, दर पक्का पायजे अन् पैसा अडला तर निघाला पायजे. असं खातं सांगा ना भाऊ." इंग्लंडमध्ये १९९९ पासून 'आयसा' नावाचं खातं आहे. वर्षाला २० हजार पौंडांपर्यंत त्यात टाका, व्याज करमुक्त. काही बँकांत तर काढलेली रक्कम त्याच वर्षात परतही भरता येते. ज्यांची मुलं तिकडं आहेत त्यांनी हे ऐकलेलं असते, म्हणून ते इकडं तसंच काही शोधतात.

सरळ उत्तर असं, की भारतात राहणाऱ्या माणसासाठी या तिन्ही गोष्टी मोठ्या रकमेवर एकत्र देणारं खातं नाही. छोट्या रकमेवर आहे, आणि ते आपल्या गावातल्या पोस्टात आहे. पोस्टाच्या बचत खात्याचा दर २०११ पासून ४ टक्के आहे. एकट्याच्या खात्यात वर्षाला ३,५०० रुपये आणि संयुक्त खात्यात ७,००० रुपयांपर्यंतचं व्याज करमुक्त असते. म्हणजे एकट्याचे ८७,५०० रुपये वर्षभर पडून राहिले तरी त्या व्याजावर कर नाही, आणि पैसा कधीही काढा. दर कमी आहे, मान्य. पण दवाखान्यासाठी हाताशी ठेवायच्या पैशाला यापेक्षा साधी जागा आम्हाला दिसत नाही.

आता मोठी रक्कम. इथं आम्ही तुम्हाला एक उलटा प्रश्न विचारतो: तुम्हाला कर लागतो का? वऱ्हाडात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त आहे, पण कापसाचा पैसा बँकेत ठेवला की त्यावरचं व्याज शेतीचं उत्पन्न राहत नाही. इथं बरेच जण घाबरतात. समजा, एका शेतकऱ्यानं कापूस आणि तुरीचे ४ लाख रुपये साडेसहा टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवले. व्याज २६,००० रुपये. दुसरं काही उत्पन्न नाही. २०२५-२६ मध्ये नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंतचं उत्पन्न मुळातच करपात्र नाही, आणि सवलत धरली तर १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर शून्य होतो. म्हणजे या माणसाची साधी एफडीच त्याच्यासाठी करमुक्त आहे! खात्यावर तसं लिहिलेलं नाही, एवढंच.

आणि नेमका हाच माणूस 'करमुक्त' शब्दाला भुलून पीपीएफमध्ये पैसे टाकतो. त्यातल्या फक्त १ लाखाचा हिशेब करू. पीपीएफचा दर ७.१ टक्के, वर्षाचे ७,१०० रुपये. एफडीत ६,५०० मिळाले असते. फायदा ६०० रुपयांचा. पण जूनमध्ये मृग लागला, बियाणं-खत घ्यायचं आहे आणि पैसा अडकलेला. मग सावकार. शेकडा ३ रुपये महिना म्हटलं तर कापूस घरी येईपर्यंतच्या ६ महिन्यांत १८,००० रुपये व्याज. एफडी मोडली असती तर दंडाचे फार तर चार-पाचशे गेले असते. अकोल्यात हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा मागं बसलेले एक काकाजी एवढंच म्हणाले, "मंग आमी उलटंच करत होतो म्हना."

म्हणून शेतीच्या पैशाचा क्रम आम्ही असा लावतो. आधी पीककर्ज मुदतीत भरा. मुदतीत भरणाऱ्याला ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी पडावं म्हणून राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहे. आपल्या पापळच्या भाऊसाहेबांच्याच नावाची. मुदत चुकली तर ती सवलत जाते, मग कुठल्याही ठेवीचं व्याज ते भरून काढत नाही. उरलेल्या पैशाची एकच मोठी एफडी करू नका, चार करा. एक पेरणीच्या तोंडावर संपणारी, एक पोळ्याच्या आसपास. अडचण आली तर एकच मोडावी लागते. १ कोटीपर्यंतची साधी ठेव बँकेला मुदतीआधी मोडून द्यावीच लागते.

मात्र काउंटरवर 'टॅक्स सेव्हिंग एफडी' हा शब्द ऐकला की थांबा. तिचं व्याज करमुक्त नसते, आणि ती ५ वर्षं मोडताही येत नाही. जुन्या करप्रणालीत गुंतवलेल्या रकमेची वजावट मिळते, नव्या प्रणालीत तीही नाही. नावामुळं सगळ्यात जास्त गोंधळ हिनंच केला आहे.

मग पीपीएफ कोणासाठी? ज्याला खरोखर कर बसतो त्याच्यासाठी. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या प्राध्यापकाला किंवा डॉक्टरला साडेसहाच्या एफडीतून कर आणि उपकर जाऊन हातात साधारण ४.४७ टक्के उरतात. पीपीएफचे ७.१ पूर्ण मिळतात. हा फरक खरा आहे. पण दर 'पक्का' आहे असं समजू नका; सरकार दर तिमाहीला तो जाहीर करते. जानेवारी २००० पर्यंत हाच दर १२ टक्के होता, एप्रिल २०२० पासून ७.१ आहे. दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरणा केला तरच त्या महिन्याचं व्याज धरतात.

पैसा काढण्याचं म्हणाल तर २०२५-२६ मध्ये उघडलेल्या खात्यातून पहिली उचल एप्रिल २०३१ नंतर, तीही मर्यादित. त्याआधी, दुसरं आर्थिक वर्ष संपल्यावर, थोडं कर्ज मिळू शकते. पण १५ वर्षं पूर्ण झाली की हेच खातं फार कामाचं होते, आणि नेमकं तेव्हाच लोक ते बंद करतात. नवा भरणा न करता तसंच चालू ठेवा. शिल्लक रकमेवर करमुक्त व्याज चालू राहते आणि वर्षातून एकदा हवी तेवढी रक्कम काढता येते. सुरुवातीला विचारलेल्या खात्याच्या सगळ्यात जवळ जाणारं खातं हेच, फक्त त्याला १५ वर्षं लागतात. शिवाय खात्यातली रक्कम खासगी कर्जापोटी न्यायालयाच्या हुकमानंही जप्त होत नाही. आपल्या भागात हे माहीत असलेलं बरं.

१० वर्षांच्या आतली मुलगी असेल तर सुकन्या समृद्धी पाहा: ८.२ टक्के, करमुक्त, पण तिच्या शिक्षणापर्यंत अडकलेलं.

अमरावतीत एका काकूंनी विचारलं, "पतसंस्था ९-१० टक्के देते, तिथं काय वाईट?" बँकेतल्या, सहकारी बँकेतल्याही, ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही. ज्या पैशावर मुलीचं लग्न किंवा पुढची पेरणी अवलंबून आहे, तो आम्ही तिथं ठेवणार नाही.

आणखी एक प्रश्न परदेशातल्या मुलांचा. त्यांना नवीन पीपीएफ उघडता येत नाही, पण एनआरई मुदत ठेवीचं व्याज भारतात करमुक्त आहे आणि दरही मुदतभर ठरलेला. वर्षाच्या आत मोडली तर व्याज मिळत नाही. मुलगा अमेरिकेत असेल तर तिथं त्याला हे व्याज दाखवावं लागते. आणि ठेव त्याच्या नावानं, त्याच्या तिकडच्या कमाईची हवी. वडिलांच्या संत्र्याच्या बागेचा पैसा त्यात टाकता येत नाही. हा प्रश्न वरुडच्या एका दादांनी विचारला होता.