रहिवासी शून्य, मेयर एक

ईशान्य फ्रान्समध्ये व्हर्दून शहराजवळ फ्लरी नावाचं एक गाव आहे. म्हणजे कागदावर आहे. प्रत्यक्षात तिथे जंगल आहे, तोफगोळ्यांनी पाडलेले आणि आता गवताने भरलेले खड्डे आहेत आणि त्यातून जाणारी एक पायवाट आहे. वाटेवर छोट्या खुणा लावल्यात. इथे बेकरी होती, इथे लोहार होता, इथे शाळा. पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या लढाईत हे गाव पार पुसलं गेलं. जमिनीत न फुटलेले गोळे इतके उरले की तिथे पुन्हा घरं उभी राहिलीच नाहीत.

आज फ्लरीची लोकसंख्या शून्य आहे. पण फ्लरीला मेयर आहे!

या भागात अशी सहा गावं आहेत, जिथे एकही माणूस राहत नाही. ‘फ्रान्ससाठी प्राण दिलेली गावं’ असा त्यांचा सरकारी दर्जा आहे. १९१९ मध्ये खास कायदा करून त्यांची कागदोपत्री ओळख जिवंत ठेवली गेली. मतदारच नाहीत म्हटल्यावर निवडणूक होणार कशी? म्हणून तीन माणसांची एक समिती नेमली जाते आणि तिच्या अध्यक्षाला मेयरचे अधिकार असतात. नेमणूक करतो प्रीफेक्ट, म्हणजे पॅरिसने जिल्ह्यात बसवलेला अधिकारी. गाव मरू द्यायचं नाही म्हणून चालवलेली ही धडपड, आणि त्याच गावाचा कारभारी मात्र राजधानीचा माणूस ठरवणार. फ्रान्स समजून घ्यायला यापेक्षा चांगली जागा सापडणार नाही.

पॉलिटिकल सायन्स घेतलेल्यांना आठवत असेल, ‘एकात्म शासनपद्धतीची वैशिष्ट्ये सांगा’ हा हमखास येणारा प्रश्न. उत्तरही पाठ असतं. एकच केंद्र सरकार, त्याच्याकडे सगळी सत्ता, घटक राज्यं नाहीत. उदाहरण द्यायचं ब्रिटन आणि फ्रान्सचं. मार्क मिळतात, पण डोक्यात एक चुकीचं चित्र बसतं. राजधानीत एक बटन दाबलं की देशभर दिवे लागतात, असं काहीतरी.

मग हा आकडा बघा. फ्रान्सची लोकसंख्या सात कोटींच्या आत, आणि तिथे सुमारे ३५ हजार कम्यून आहेत. कम्यून म्हणजे स्थानिक कारभाराचं सगळ्यात खालचं युनिट. खेडं असो की मार्सेय शहर, दोन्ही कम्यूनच, आणि प्रत्येकाला स्वतःचा मेयर. अर्ध्याहून जास्त कम्यूनमध्ये पाचशे माणसंसुद्धा राहत नाहीत. तुलनेसाठी, २०११ च्या जनगणनेतच सव्वाअकरा कोटींच्या जवळ पोचलेल्या महाराष्ट्रात ग्रामपंचायती आहेत जवळपास २८ हजार. म्हणजे ‘सगळी सत्ता एका जागी’ असलेल्या देशात सरपंच आपल्यापेक्षा जास्त!

याची मुळं १७८९ च्या क्रांतीत आहेत. क्रांतिकारकांना जुने प्रांत नको होते, कारण प्रांत म्हटलं की सरंजामदार आले, त्यांचे वेगळे कायदे आले, वेगळे कर आले. म्हणून त्यांनी देशाचा नकाशाच नव्याने कापला. १७९० मध्ये ८३ देपार्तमाँ झाले, आपल्या जिल्ह्यासारखे. मोजमाप मजेशीर होतं. कुठल्याही कोपऱ्यातून घोड्यावर निघालं तर दिवसभरात मुख्य ठिकाणी पोचता यावं. नावं मुद्दाम नद्यांची आणि डोंगरांची दिली, जुन्या अस्मिता विसराव्यात म्हणून.

आता गंमत बघा. ज्या रेघा पॅरिसने वरून ओढल्या, त्यांच्यावरच लोकांनी पुढे जीव लावला. आज देपार्तमाँ १०१ आहेत आणि बहुतेकांना वर्णानुक्रमाने नंबर आहेत, पॅरिसचा ७५. हे नंबर गाडीच्या पाटीवर असायचे. आपल्याकडे ‘एमएच १२’ किंवा ‘एमएच ०९’ बघून जसं कळतं ना, तसंच. २००९ मध्ये नवी पाटी आली तेव्हा हा नंबर काढून टाकायचा बेत होता. लोक इतके भडकले की सरकारला तो ठेवावा लागला. फक्त नंबर कुठला लावायचा ते आता मालक ठरवतो.

रेघा ओढल्या, पण त्यात कारभार कोण करणार? १८०० मध्ये नेपोलियनने प्रत्येक देपार्तमाँमध्ये एक प्रीफेक्ट बसवला. थेट राजधानीला जबाबदार, गणवेशातला, दिमाखदार. आपल्या कलेक्टरचा चुलतभाऊ म्हणा हवं तर. पुढची १८० वर्षं खरी पॉवर याच्याकडे होती. निवडून आलेलं मंडळ ठराव करायचं, पण प्रीफेक्टची नजर आणि मंजुरी डोक्यावर असायचीच. देपार्तमाँचा खर्चही तोच चालवायचा.

खुद्द पॅरिसची कथा तर आणखी भारी. १८७१ मध्ये पॅरिसच्या लोकांनी बंड करून स्वतःचं सरकार स्थापन केलं, इतिहासात ते ‘पॅरिस कम्यून’ म्हणून ओळखलं जातं. ते रक्तपात करून मोडून काढण्यात आलं. आणि मग राजधानीची सरकारला अशी काही धास्ती बसली की १९७७ पर्यंत पॅरिसला मेयरच मिळाला नाही. शंभराहून जास्त वर्षं! लहानशा खेड्याला मेयर आणि पॅरिसला प्रीफेक्ट. १९७७ मध्ये निवडून आलेले मेयर होते जॅक शिराक. १९९५ मध्ये ते देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. सरकारची धास्ती अगदीच बिनबुडाची नव्हती म्हणायची.

खरा बदल झाला तो २ मार्च १९८२ च्या कायद्याने. तो आणणारे गृहमंत्री गास्तों देफेर हे स्वतः कित्येक वर्षं मार्सेयचे मेयर होते. प्रीफेक्टच्या सह्यांची वाट बघणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कायद्यातली मुख्य गोष्ट ऐकायला साधी वाटते. आधी प्रीफेक्ट ‘हो’ म्हणाला तर निर्णय लागू व्हायचा. आता निर्णय आधी लागू होतो आणि प्रीफेक्टला तो बेकायदा वाटला तर त्याने प्रशासकीय न्यायालयात जायचं. तो स्वतः तो रद्द करू शकत नाही. निर्णय शहाणपणाचा आहे की मूर्खपणाचा, हे बघणं त्याचं काम उरलं नाही. मूर्खपणा केलात तर मतदार बघून घेतील. देपार्तमाँचा खर्चही निवडून आलेल्यांच्या हाती आला आणि रीजन, म्हणजे अनेक देपार्तमाँ मिळून होणारा भाग, पूर्ण दर्जाची स्थानिक संस्था झाली.

हे रोजच्या जगण्यात कसं दिसतं? तिथला विद्यार्थी घ्या. त्याची प्राथमिक शाळा बांधते आणि दुरुस्त करते कम्यून. अकराव्या वर्षी तो ‘कोलेज’मध्ये जातो, ती इमारत देपार्तमाँची. पंधराव्या वर्षी ‘लिसे’ला, म्हणजे साधारण आपल्या ज्युनिअर कॉलेजच्या वयाला, ती इमारत रीजनची. घरून लिसेला लोकल ट्रेनने येत असेल तर ती ट्रेनसेवाही रीजनची. पण या सगळ्या शाळांमधल्या शिक्षकांचा पगार आणि अभ्यासक्रम पॅरिसचा! भिंती स्थानिक, फळ्यावरचं सगळं राष्ट्रीय. फ्रेंच लोक या थरांना त्यांच्याकडच्या एका पापुद्र्यांच्या मिठाईचं नाव देतात. आपण चिरोटा म्हणू. आणि चिरोटा खाताना होतं तेच इथेही होतं, कुठला थर कुठे संपला हे कुणालाच धड सांगता येत नाही.

तरीही हा देश एकात्मच आहे, आणि ते २०१६ मध्ये सगळ्यांना आठवलं. मुख्य भूमीवरचे २२ रीजन एकमेकांत मिसळून सरकारने १३ केले. त्यासाठी घटनादुरुस्ती लागली नाही, साधा कायदा पुरला. आल्साससारखा भाग, ज्याची स्वतःची बोली आहे आणि जो जर्मनी-फ्रान्समध्ये अनेकदा हातबदल झालेला आहे, तो लॉरेन आणि शाम्पेनबरोबर एका रीजनमध्ये टाकला. नाव ठेवलं ‘ग्राँ एस्त’, म्हणजे नुसतं ‘थोरली पूर्व’. आल्सासमध्ये मोर्चे निघाले. नकाशा बदलला नाही. मात्र पाच वर्षांनी, २०२१ मध्ये, आल्सासच्या दोन देपार्तमाँची मिळून एक खास संस्था करून थोडी फुंकर घातली गेली.

इथे आपण फार हसायला नको. आपली संसदही राज्यांच्या सीमा साध्या कायद्याने बदलू शकते. २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळूनही तेलंगण झालंच.

आणि फ्रान्सने निदान नकाशाच बदलला. ब्रिटनमध्ये मार्गारेट थॅचर यांनी १९८६ मध्ये अख्ख्या लंडनची महापालिका, ‘ग्रेटर लंडन कौन्सिल’, बरखास्तच करून टाकली. तिचं मुख्यालय संसदेच्या समोर, थेम्सच्या पलीकडे होतं आणि तिचे नेते केन लिव्हिंगस्टन तिथे छतावर बेरोजगारांचा आकडा झळकवायचे. पुढची १४ वर्षं लंडनला शहरभराची निवडून आलेली संस्था नव्हती. २००० मध्ये मेयरपद तयार झालं आणि निवडून कोण आलं? लिव्हिंगस्टन! फ्रान्समध्ये असं पुसून टाकणं अवघड आहे, कारण कम्यून, देपार्तमाँ आणि रीजन हे तिन्ही थर राज्यघटनेत नोंदलेले आहेत. २००३ मध्ये तर घटनेच्या पहिल्याच कलमात ‘विकेंद्रित रचना’ असे शब्द घातले गेले.

पण थर घटनेत असले तरी पाकीट घटनेत नसतं. पूर्वी राहत्या घरावर एक स्थानिक कर असायचा. भाड्याने खोली घेतलेल्या विद्यार्थ्यालाही तो लागू होता. इमान्युएल मॅक्राँ यांनी २०१७ च्या प्रचारात तो काढायचं वचन दिलं आणि २०२३ पर्यंत मुख्य घरावरचा हा कर पूर्ण गेला. लोक खूश. बुडालेला पैसा पॅरिस भरून देतं, पण दर कमी-जास्त करायची किल्ली मेयरच्या हातून गेली. माझ्या मते १९८२ मध्ये दिलेलं बरंचसं २०२३ मध्ये असं गुपचूप परत घेतलं गेलं, आणि त्यावर मोर्चेही निघाले नाहीत. कर माफ झाला म्हणून कोण मोर्चा काढतो?

एका बाबतीत मात्र हा एकात्म देश आपल्या संघराज्याला लाजवतो. मार्च २०२० मध्ये तिथे स्थानिक निवडणुकांची पहिली फेरी झाली आणि कोरोनामुळे दुसरी थांबली. ती पुढे ढकलायला संसदेला कायदा करावा लागला आणि २८ जूनला मतदान झालं. तीन महिन्यांहून थोडा जास्त उशीर, तोही महासाथीत. आपल्या घटनेतही महापालिकेची मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या असं स्पष्ट लिहिलंय. तरी मुंबई, पुणे, नाशिक या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि ओबीसी आरक्षण व प्रभागरचनेच्या वादात मतदान झालं ते थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात कारभार कुणाचा? राज्य सरकारने नेमलेल्या प्रशासकाचा. फ्लरीला निदान मतदार नाहीत म्हणून माणूस वरून येतो.

मार्च २०२२ मध्ये अठरा पूर्ण केलेल्या पुणेकर मुलीने पहिल्यांदा नगरसेवक निवडला तेव्हा ती बावीसला टेकली होती. तिची तीन वर्षांची डिग्री त्याआधीच हातात पडली असणार.