खूण न ठेवणारा दंश

पहाटेचे साडेचार. घरातलं मूल उठून बसतं आणि पोटात दुखतंय म्हणतं. आई ओवा देते, पोटावर हिंग लावते. थोड्या वेळाने उलटी होते, तेव्हा रात्रीच्या भाताला नाहीतर जत्रेतल्या भज्यांना दोष दिला जातो. सहाच्या सुमारास मूल सांगतं, घशात काहीतरी अडकलंय, थुंकी गिळवत नाही. सातला त्याच्या पापण्या उघडत नाहीत. रात्री झोप झाली नाही, पेंगतंय बिचारं, असं घरच्यांना वाटतं. आठला त्याला उचलून दवाखान्यात नेतात, तेव्हा त्याने मान टाकलेली असते. अंगावर जखम नाही, सूज नाही, रक्ताचा ठिपकासुद्धा नाही. साप कुणी पाहिलेलाच नाही.

याला मण्यार चावली आहे. पावसाळ्यात महाराष्ट्राच्या खेड्यांत, जमिनीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्या घरांत, अशी सकाळ उगवते आणि पुष्कळदा ती ओळखूच येत नाही.

सर्पदंशाला अधिसूचित आजार करा, असं केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यांना कळवलं. कर्नाटकाने तर त्याच वर्षी फेब्रुवारीत ते करूनही टाकलं होतं. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आला, त्यात २०३०पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचं उद्दिष्ट आहे. हे मथळे आपण वाचलेले आहेत. दर वर्षी लावणीचे दिवस आले की गावोगावच्या बातम्यांत 'जनावर' चावल्याची, 'पान लागल्याची' चौकट पुन्हा दिसू लागते. अधिसूचित करणं म्हणजे प्रत्येक रुग्णाची आणि प्रत्येक मृत्यूची नोंद सरकारला कळवणं. हा निर्णय मला मनापासून योग्य वाटतो. मात्र ज्या सापाचा दंश ओळखलाच जात नाही, त्याची नोंद कोण करणार, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

मोजणी किती चुकत होती, हे आपल्याला एका वेगळ्याच वाटेने कळलं. टोरंटो विद्यापीठातले डॉ. प्रभात झा आणि भारताच्या महानिबंधक कार्यालयाने मिळून देशभरातल्या लाखो मृत्यूंचा घरोघरी जाऊन शोध घेतला. प्रशिक्षित माणसं दारात बसायची आणि घरच्यांना विचारायची, तो माणूस कसा गेला, आधी काय झालं, मग काय झालं. त्यातून २००५ या एका वर्षात सर्पदंशाने सुमारे ४६ हजार माणसं गेल्याचा अंदाज निघाला. रुग्णालयांनी कळवलेल्या सरकारी आकड्याच्या तो तीस पटींहून अधिक होता. मरणाऱ्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश माणसं रुग्णालयाबाहेरच मेली होती. पुढच्या अभ्यासात २००० ते २०१९ या वीस वर्षांचा हिशोब झाला, तेव्हा वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यूंचा आकडा आला. दारात बसून विचारल्यावरच ही माणसं मोजली गेली. दवाखान्याच्या रजिस्टरातून ती कधीच मोजली गेली नसती.

आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. चौघांचे आजार वेगळे असतात. घोणस आणि फुरसं रक्त बिघडवतात. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते, उसात आणि बांधावर भेटते. ती चावली की जागा भराभर सुजते, असह्य दुखतं, रक्त गोठेनासं होतं आणि मूत्रपिंड निकामी होऊन डायलिसिसची वेळ येऊ शकते. फुरसं लहानसं, कोकणच्या कातळावरचं, अंगाचे खवले एकमेकांवर घासून आवाज करणारं. त्याच्या दंशाने हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागतं. नागाने दंश केला तर जागा दुखते, सुजते, काळीनिळी पडते आणि अर्ध्या तासापासून काही तासांत पापण्या मिटू लागतात. या तिघांच्या बाबतीत काहीतरी घडलंय हे घरच्यांना निदान कळतं तरी.

रक्त बिघडलंय का, हे पाहायची एक चाचणी आहे आणि ती मला वैद्यकातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते. शिरेतून दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत सोडायचं आणि नळी वीस मिनिटं न हलवता उभी ठेवायची. मग तिरकी करून बघायची. रक्त गोठलेलं असेल तर ते जागचं हलत नाही. पाण्यासारखं वाहिलं, तर घोणस किंवा फुरशाचं विष आत काम करतंय आणि एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, लगेच सुरू करायचं. या चाचणीला यंत्र, वीज किंवा तंत्रज्ञ यांतलं काहीच लागत नाही. मात्र नळी काचेचीच हवी. प्लास्टिकच्या नळीत किंवा साबणाने धुतलेल्या जुन्या नळीत चांगलं रक्तही गोठत नाही आणि निष्कर्ष चुकतो. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या खरेदीच्या यादीत काचेच्या साध्या नळ्यांचा खोका आहे का, हे आरोग्य अधिकाऱ्यांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात पाहिलं पाहिजे.

मण्यारीसाठी अशी नळी नाही. तिथे डॉक्टरची नजर हीच चाचणी असते.

मण्यार काळी, निळसर झाक असलेली, अंगावर पांढरे बारीक पट्टे. हे पट्टे डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीपर्यंत जातात. तिच्यासारखाच दिसणारा बिनविषारी कवड्या साप घराघरांत फिरतो, त्याचे पट्टे मानेपाशी ठळक असतात आणि शेपटीकडे फिके होत जातात. मण्यार दिवसा सुस्त असते, रात्री उंदीर, पाली आणि दुसऱ्या सापांच्या मागे घरात शिरते. झोपलेल्या माणसाने कूस बदलली की अंगाखाली आलेली मण्यार चावते. तिचे दात इतके लहान आणि बारीक की झोपमोडही होत नाही. झालीच तर डास किंवा मुंगी चावली असं वाटून माणूस पुन्हा झोपतो.

तिचं विष मज्जातंतूंच्या टोकांवर, जिथे ती टोकं स्नायूंना हुकूम देतात तिथे, घाव घालतं. आधी पापण्या, मग घसा, मान, हातपाय आणि शेवटी श्वासाचे स्नायू. इथे उपचारातला एक भेद समजून घ्यायला हवा, कारण तो न कळल्यामुळे पैसा, औषध आणि वेळ वाया जातो. नागाचं विष स्नायूच्या कुलपात किल्लीसारखं अडकून बसतं. म्हणून एएसव्हीसोबत निओस्टिग्मिन हे औषध दिलं की पापण्या उघडताना दिसतात. मण्यारीचं विष तंतूचं टोकच मोडून टाकतं. एएसव्ही रक्तात फिरणारं विष निकामी करतं, म्हणून ते लवकर द्यायलाच हवं. मोडलेलं टोक मात्र त्याने जोडलं जात नाही. ते शरीराला स्वतःच पुन्हा उगवावं लागतं आणि त्याला दिवस, कधी आठवडे लागतात. पापणी उघडत नाही म्हणून व्हायलमागून व्हायल देत राहण्यात अर्थ नाही. त्या रुग्णाला तेवढे दिवस कुणीतरी श्वास पुरवायला हवा.

विषबाधेची लक्षणं दिसली की एएसव्ही साधारण १० व्हायलने सुरू करतात. लहान मुलालाही मोठ्याइतकाच डोस, कारण साप मुलाला बघून विष कमी सोडत नाही. आधी त्वचेखाली चाचणीचा डोस देण्याची पद्धत कधीच मागे पडली आहे, त्यातून काही कळत नाही. रिअॅक्शन येऊ शकते, म्हणून अॅड्रिनॅलिन भरून हाताशी ठेवायचं. प्रशिक्षण असलेल्या एमबीबीएस डॉक्टरला प्राथमिक आरोग्य केंद्रात हे सगळं करता येतं. तरीही दोन व्हायल देऊन, चिठ्ठी लिहून, रुग्ण पुढे पाठवला जातो. तालुक्याहून सिव्हिलला, सिव्हिलहून पुण्याला किंवा मुंबईला. एकट्या ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरच्या मनात रिअॅक्शनची भीती असते आणि दारात जमलेल्या जमावाचीही. ती भीती खरी आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. पण रस्त्यात गेलेल्या तासाची भरपाई पुढच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात होत नाही.

हे ज्ञान राजधानीतल्या संस्थेतून खाली यावं लागतं असं आपण धरून चालतो. महाराष्ट्राचा अनुभव उलट आहे. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावात गरिबीत वाढलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाने डंख मारलेली माणसं, विशेषतः मुलं, त्यांच्या डोळ्यांदेखत मरत होती. पुस्तकात या मरणाचा धड उल्लेख नव्हता. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून राहिले. घाम कधी फुटला, हात कधी थंड पडले, नाडी कशी बदलली, फुप्फुसात पाणी केव्हा भरलं, याच्या नोंदी करत गेले. माणूस हृदयाच्या मार्गाने मरतो हे त्यातून कळलं आणि रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी गोळी त्यावर चालते, हेही. १९८६मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं. तोवर गंभीर रुग्णांत शंभरातले चाळीस दगावत, ते प्रमाण एकावर आलं. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मण्यार आणि नागदंशाच्या कोकणातल्या रुग्णांवरही बावस्कर पती-पत्नींनी लिहिलं आहे. नारायणगावात डॉ. सदानंद राऊत सर्पदंशाच्या उपचाराचं काम वर्षानुवर्षं करत आले आहेत. बावस्कर आणि राऊत या दोघांचाही दवाखाना रुग्णाच्या जवळ आहे, आणि माझ्या मते सगळी गोष्ट तिथेच आहे. अधिसूचनेचा फॉर्म भरताना मला हवा आहे तो असाच डॉक्टर: पावसाळी पहाटे पोटदुखी घेऊन आलेल्या मुलाला अँटासिड देण्याआधी रात्री कुठे झोपला होतास, खाटेवर की जमिनीवर, असं विचारणारा.

मण्यारीच्या दंशाची तपासणी कुणालाही समजेल अशी आहे. रुग्णाला मान न हलवता मिनिटभर वर बघायला सांगायचं, पापण्या आपोआप खाली येताहेत का बघायचं. उशीवरून डोकं उचलायला सांगायचं. एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला लावायचे. मघाशी तीसपर्यंत जाणारा पोरगा आता बारावरच थांबला, तर श्वासाचे स्नायू थकू लागले आहेत. जीपमध्ये मागे बसलेला काकाही ही मोजणी घेऊ शकतो आणि दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरला नेमकं सांगू शकतो.

भगताकडे नेऊ नका, हे सांगून झालं आहे. लोक नेतात, कारण भगत रात्री दोनलाही घरी असतो. कडुलिंबाचा पाला कडू लागला म्हणजे विष चढलं नाही, ही समजूत मण्यारीच्या बाबतीत जीवघेणी आहे; चव नीट लागत असली तरी विष चढलेलं असू शकतं. दोरी आवळू नका, ब्लेड मारू नका. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढा, हातपाय लाकडी पट्टीने स्थिर करा, गाडी नसेल तर मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून निघा. साप शोधण्यात वेळ घालवू नका. उपचार लक्षणांवरून ठरतो आणि चौघांवर एकच एएसव्ही चालतं.

चालतं, पण सगळीकडे सारखं नाही, हा या सगळ्यातला बोचणारा भाग. देशातल्या एएसव्हीसाठी लागणारं बहुतेक विष तमिळनाडूतल्या इरुला जमातीच्या सहकारी संस्थेतून येतं. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी १९७८मध्ये उभारायला मदत केलेली ही संस्था आहे; तिच्यातल्या मासी सदय्यन आणि वडिवेल गोपाल यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामाला तोड नाही. पण एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशानुसार बदलतं, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले कार्तिक सुनगर आणि त्यांचे सहकारी प्रयोगांतून दाखवत आले आहेत. शिवाय सह्याद्रीतल्या चापडा या विषारी सापाच्या विषावर हे औषध बनवलेलंच नाही. आपल्या मातीतल्या सापांचं विष वापरून औषध व्हायला हवं, आणि घोड्यांपासून एएसव्ही बनवण्याची दीर्घ परंपरा असलेलं हाफकिन परळमध्ये आहे, म्हणजे सुरुवात करायला आपल्याला लांब जावं लागत नाही.

तोवर सर्वांत स्वस्त उपाय मच्छरदाणी. गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी मण्यारीला अडवते. नेपाळच्या तराईतल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका बराच कमी आढळला. बाजलं असेल तर उत्तम, पण ते प्रत्येक घरात नसतं, आणि उसाच्या फडाशेजारी कोपीत झोपणाऱ्या तोडणी कामगारांकडे तर नसतंच. हिवतापासाठी मच्छरदाण्या वाटणारी यंत्रणा आपल्याकडे आहे. तिच्या यादीत कोप्या आणि पाडे घालायचे, एवढंच काम आहे.

आणि जो रुग्ण पोचला, त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला हा लेख संपवता येत नाही. मण्यारीचं विष खोलवर भिनलं की माणूस हलत नाही, बोलत नाही, बाहुल्या रुंदावलेल्या असतात, प्रकाश पाडला तरी आक्रसत नाहीत. मेंदू गेला असं वाटतं, आणि त्यावरून उपचार थांबवण्याची बोलणी झालेली आहेत. पण मेंदू शाबूत असतो. त्याला सगळं ऐकू येत असतं. व्हेंटिलेटर नसलेल्या रुग्णालयांत नातेवाईक आळीपाळीने तासन्‌तास हाताने श्वास देणारी अंबू बॅग दाबत राहतात. भाऊ थकला की मेहुणा, मेहुणा थकला की शेजारी. त्या वेळी त्याच्याशी बोलत राहा. घरी सगळे ठीक आहेत, लावणी सुरू आहे, तुला बरं वाटणार आहे, असं सांगत राहा. तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी आधी पायाचं बोट हलतं.