सल्या आणि लंगड्या पुढे कुठे गेले?

शहापूर-मुरबाडकडच्या हळदीत 'झिंगाट' वाजलं नाही, असं सहसा होत नाही. भातसेकाठचं सापगाव असो की मुरबाडच्या अंगाचं एखादं गाव, गाणं लागलं की खुर्चीत बसलेली मावशीसुद्धा उठते. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी पडद्यावर आला. आज त्या गाण्यावर नाचणारी कितीतरी पोरं तेव्हा अंगणवाडीत जात होती. तरी आर्ची, परश्या, सल्या, लंगड्या ही नावं त्यांना पाठ आहेत. पण सल्याचं काम केलं कोणी, असं विचारलं तर फार थोड्यांना सांगता येतं. त्याचं नाव अरबाज शेख. लंगड्या झालेला तानाजी गळगुंडे. व्यक्तिरेखा घराघरांत पोचल्या, त्या साकारणारी मुलं मात्र मागे राहिली.

हे एकट्या 'सैराट'चं नाही. 'शाळा' २०१२ मध्ये आला, 'बालक-पालक' २०१३ मध्ये, 'टाइमपास' आणि 'फँड्री' २०१४ मध्ये. चार-पाच वर्षांत मराठी पडद्यावर कोवळ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यातली किती नावं आज केवळ स्वतःच्या बळावर चित्रपटगृह भरवतात, हे मोजायला हाताची बोटंही जास्त होतील. लोक म्हणतात, नशीब. नाहीतर म्हणतात, पोरांच्या डोक्यात हवा गेली. हा त्या मुलांवर अन्याय आहे. कारण बरंचसं अशा चित्रपटाच्या घडणीतच असतं.

शाळकरी टोळीचा चित्रपट बघताना प्रेक्षक नट बघत नाही, स्वतःचा बाक बघतो. 'बालक-पालक'मध्ये अव्या, भाग्या, चिऊ, डॉली आणि विशू अशी चाळीतली मुलं आहेत. एक आगाऊ, एक बुजरा, एक सगळं आधीच ठाऊक असलेला. प्रत्येकाच्या वाट्याला एकेक कोपरा येतो आणि सगळे मिळून चाळ उभी राहते. नायकाच्या चित्रपटात सव्वादोन तास एकाच चेहऱ्यावर नजर खिळते; इथे ती पाच जणांत वाटली जाते. घरी जाताना माणूस सोबत नेतो ती मैत्री, आणि तिच्या आडून आलेलं स्वतःचं वय. त्या मैत्रीतून एकच मुलगा उचलून पुढच्या चित्रपटात एकटा उभा केला, की बघणाऱ्याला काहीतरी हरवल्यासारखं वाटतं.

निवडीचा मुद्दा त्याहून खोल आहे. 'फँड्री'तला जब्या म्हणजे सोमनाथ अवघडे, सोलापूर जिल्ह्यातल्या केम गावचा हलगी वाजवणारा मुलगा. 'फँड्री' आणि 'सैराट'चे दिग्दर्शक नागराज मंजुळे यांना नट नको होता, तोच मुलगा हवा होता. त्याची चाल, त्याची बोली, नजर चुकवण्याची त्याची रीत, यांवरच चित्रपट उभा आहे. सोमनाथला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मात्र काम इतकं खरं उतरलं, की अनेकांना ते काम वाटलंच नाही; मुलगा मुळात तसाच आहे, असं ते धरून चालले. मग पुढे बोलावणं येणार ते तशाच भूमिकेसाठी. सोलापुरी बोली बोलणाऱ्या, सावळ्या, खेड्यातल्या मुलासाठी डॉक्टराची, वकिलाची, साध्या प्रियकराची भूमिका आपल्याकडे किती जण लिहितात? पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात घडणाऱ्या कथांत त्याला दार उघडायलाही जागा नसते. याबद्दल उद्योगाने स्वतःला प्रश्न विचारायला हवा.

आणि वय तर कोणासाठी थांबत नाही. केतकी माटेगावकरचं उदाहरण यात फार बोलकं आहे. 'शाळा'तली शिरोडकर तीच, 'टाइमपास'मधली प्राजक्ताही तीच. 'काकस्पर्श'मध्ये तिने लहानपणची उमा केली. उमा मोठी झाली तेव्हा पडद्यावर प्रिया बापट आली. पुढे २०१५ मध्ये 'टाइमपास २' आला. प्राजक्ता मोठी झाली होती आणि तिथेही पुन्हा प्रिया बापट! दगडूच्या भूमिकेत प्रथमेश परबऐवजी प्रियदर्शन जाधव होता. व्यक्तिरेखांची वयं कथेत वाढली, पण त्या वयांसोबत मूळ मुलांना पुढे जाता आलं नाही. दिग्दर्शकाची अडचण समजण्यासारखी आहे, अठरा-वीस वर्षांची मुलं पंधरा वर्षांनी मोठी कशी दाखवायची? तरी प्रेक्षकाच्या मनात केतकी तिथेच थांबली, त्या कोवळ्या वयात. तिच्याकडे गाणं होतं, ते ती गात राहिली.

आर्ची झालेल्या रिंकू राजगुरूची गोष्ट वेगळी, पण पेच तोच. 'सैराट' आला तेव्हा तिला पंधरा वर्षं पूर्णही झाली नव्हती. राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख, शंभर कोटींच्या चर्चा, आणि अकलूजला घराबाहेर गर्दी. शाळेत नियमित जाणं अशक्य झालं, तेव्हा तिने १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली आणि ६६.४० टक्के मिळवले. ज्या वर्षांत नट पडतो, चुकतो, छोट्या कामातून शिकतो, ती वर्षं तिच्या वाट्याला प्रसिद्धी आधी आणि शिकणं नंतर अशी उलटी आली. मधे 'सैराट'चाच कन्नड अवतार तिने केला. पुढचा मराठी चित्रपट 'कागर' यायला २०१९ उजाडलं. तीन वर्षांत प्रेक्षकाची आर्ची अधिक पक्की झाली होती. २०१८ साली हीच कथा 'धडक' होऊन हिंदीत गेली, तीही वेगळे चेहरे घेऊन.

त्या 'धडक'मागच्या निर्मितीसंस्थेचं गणित इथे पाहण्यासारखं आहे. तिच्या 'स्टुडंट ऑफ द इयर'मधून २०१२ साली आलेले तिन्ही नवखे टिकले, कारण २०१४ मध्ये त्याच संस्थेच्या चित्रपटांत तिघांसाठीही जागा तयार होती. मराठीत असं पाठबळ देणारं घर जवळपास नाही. उलट कॉलेजची गोष्ट असली, तरी निर्माता चालणारं नाव शोधतो. २०१३ च्या 'दुनियादारी'त कॉलेजकुमार झालेले स्वप्नील जोशी आणि अंकुश चौधरी दोघेही तिशी केव्हाच ओलांडलेले होते. चित्रपट तुफान चालला. म्हणजे शाळेसाठी नवी मुलं लागतात, कॉलेजसाठी मुरलेले नट चालतात. मधल्या वयाच्या मुलाने जायचं कुठे?

हॉलिवूडमध्येही ही दुखरी जागा आहे. १९८५ साली तिथल्या तरुण नटांच्या टोळीला एका मासिकाने 'ब्रॅट पॅक' असं नाव दिलं आणि ते त्यांना आयुष्यभर चिकटलं. त्यांच्यापैकीच अँड्र्यू मॅकार्थीने २०२४ मध्ये त्यावर माहितीपट काढला, इतकी वर्षं तो सल राहिला होता.

मग टोळीतून येऊन टिकलेले मराठीत कोणी आहेत का? आहेत, पण त्यांची वाट रंगमंचावरून जाते. नव्वदच्या दशकात देवेंद्र पेम यांच्या 'ऑल द बेस्ट' या नाटकात तीन पोरं होती: भरत जाधव, अंकुश चौधरी आणि संजय नार्वेकर. तिघंही पुढे नावारूपाला आले. हे नाटक होतं, हाच फरक. रोज पडदा उघडला की तेच वाक्य नव्या प्रेक्षकासमोर नव्याने उभं करावं लागतं. कुठे हशा आला नाही, ते त्याच रात्री कळतं. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेतून आलेल्या अमेय वाघ, आलोक राजवाडे यांचंही तेच. आलोक 'विहीर'मधला कुमारवयीन नचिकेत; पुढे तो नाटकं आणि चित्रपट दिग्दर्शित करू लागला. चेहऱ्याचं कोवळेपण गेलं तरी हातात काम उरतं, ते असं.

प्रथमेश परब हाही कॉलेजच्या एकांकिकांतून आला. 'बालक-पालक'च्या टोळीतून ठळकपणे वर आला तो तोच, आणि २०२२ च्या 'टाइमपास ३'मध्ये दगडू पुन्हा त्याच्याकडे आला. 'किल्ला'तला पार्थ भालेराव 'बॉईज'मध्ये गेला. २०१७ पासून २०२३ पर्यंत त्या मालिकेचे चार भाग निघाले, तेव्हा प्रेक्षकाने त्याला डोळ्यांसमोर मोठं होताना पाहिलं. नागराज मंजुळेही आपल्या मुलांना विसरले नाहीत. 'झुंड'मध्ये रिंकू आणि परश्या झालेला आकाश ठोसर दिसले, 'घर बंदूक बिरयानी'त आकाश.

२०२३ च्या 'झिम्मा २'मध्ये रिंकू सुहास जोशी, निर्मिती सावंत यांच्यासारख्या अनुभवी बायकांच्या घोळक्यात उभी आहे. पुन्हा टोळीच, फक्त शाळेची नाही. बघणारा सुरुवातीला तिच्यात बुलेटवरची आर्ची शोधतो. थोड्या वेळाने ती शोधणं थांबतं, आणि पडद्यावर बावीस वर्षांची एक नटी तिला दिलेलं काम करताना दिसू लागते.